डावी गल्ली

बडोद्याच्या पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं काढली,
निम्मी रात्रपाळीची.
आजव्याहून येणारी लाइन मांडवीत दोनच्या सुमारास निजते,
तेव्हा इस्माइल मिस्त्री वॉल्व्हवर सळई टेकवायचा,
दुसरं टोक माझ्या कानाशी.
गळतीला आवाज असतो.
तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा,
पण न थांबणारा.

म्हणून डॉक्टर पंचोली पडद्यावर बोट ठेवून म्हणाले,
काका, नळी छान बसलीय,
फक्त मागच्या एका बारक्या फाट्यातून
जुन्या फुग्यात रक्त शिरतंय,
तेव्हा मी आधी विचारलं, किती?
वांधो नथी. सहा महिन्यांनी परत स्कॅन करू.
हेच मी रावपुऱ्यातल्या बायकांना सांगायचो.
वांधो नथी, बेन. लिहून घेतलंय.

पहिले दोन दिवस पाय माझे नव्हते.
पाठीत नळी, तिच्यातून पिशवीत थेंब थेंब,
आणि चादरीखाली कुणीतरी
आपले दोन पाय विसरून गेलेलं.
तिसऱ्या दिवशी उजवा अंगठा हलला.
नर्स जिग्ना म्हणाली, मुलाला फोन लावू?
म्हटलं थांब, डावा हलू दे.
तो पाचव्या दिवशी.

डाव्या हाताचं मात्र मला आधीच कळायला हवं होतं.
जुन्या बिडाच्या नळात आतून नवी नळी सरकवली
की एखाद्या गल्लीचं तोंड झाकलं जातं.
खारीवाव रोडला आम्ही तेच केलं, सत्त्याऐंशी साली.
मेन लाइन वाचली.
एका गल्लीतली माणसं आठवडाभर
रिकाम्या कळशा घेऊन ऑफिसात उभी.
शेवटी शेजारच्या लाइनीवरून जोड दिली.
पाणी आलं. करंगळीएवढं.

तसा हा हात.
शर्टाची बटणं लावेपर्यंत दमतो.
थंड, पहाटेच्या फरशीसारखा.

कुमुद रोज संध्याकाळी दोन्हीकडचं प्रेशर घेते.
उजवीकडे एकशे तीस.
डावीकडे यंत्र फुगतं, कण्हतं, एरर दाखवतं.
मग ती ते बाजूला सारून मनगट धरते,
अंगठ्याने, घट्ट,
घड्याळाकडे बघत ओठांत मोजते.
आहे की, म्हणते. बहात्तर.

नाडी अंगठ्याने बघायची नसते,
जिग्नाने सांगितलं होतं जाता जाता.
अंगठ्याला स्वतःची नाडी असते.

मी वही उघडतो.
तारीख, वेळ.
डावा हात: बहात्तर.