दोन टाळू

आमच्यात बाळाची टाळू भरतात.
कोमट तेल, आईचा तळहात,
आणि डोक्यावरची ती मऊ, धडधडणारी जागा,
जी वर्ष-दीड वर्षात आपली आपण बुजते.
दुसरी टाळू तोंडात. तिला तेल चालत नाही.
ती जुळायची पोटातच, तिसरा महिना संपायच्या आत.
राहिली तर राहिली.

मी मस्कतला, दवाखान्याच्या तळघरात साचे ओततो.
थरथरत्या यंत्रावर रबराची वाटी, पांढरं प्लास्टर.
बुडबुडा राहिला तर हिरडीला नसलेला खड्डा पडतो,
म्हणून श्वास धरून ओततो.

अझ्झान बिन जुमआ. तीन महिने.
वरच्या जबड्याचे दोन तुकडे, मध्ये पेन्सिल मावेल एवढी फट.
सुळे कुठले, सुळ्यांच्या जागी फुगवट्या.
त्यांच्यातलं अंतर एकतीस मिलिमीटर.
ओठ शिवल्यावर अठ्ठावीस.
टाळू शिवल्यावर, दोन वर्षांचा असताना, सव्वीसला थोडं कमी.
उंची वाढतेय, पायातल्या चपला बदलतायत,
कमान मात्र आकसतेय.
व्रण आत ओढतो, डॉक्टर थुरैया म्हणाल्या.
मी वहीत आकडा लिहिला. पेन चालेना, परत गिरवला.

बाप सूरचा. गावाचं नावच सूर;
मराठीत त्याचा अर्थ काय, ते मी त्याला कधी सांगितलं नाही.
होड्या बांधतो. साचा हातात दिला
तर त्याने तो उताणा धरला
आणि अंगठ्याने आतला बाक तपासला, सवयीने.
आम्ही आधी फळ्या जोडतो, म्हणाला, फासळ्या मागाहून.
फळ्या आवळल्या गेल्या तर?
तर आतून रेटायचं. रोज थोडं. घाई केली की चिरते.
डॉक्टरबाईंनी तारेचं जे यंत्र मला करायला सांगितलं होतं
ते याहून वेगळं काही करत नाही.

त्याचे शब्द नाकातून निसटायचे.
प-वर्गातले चौघे घर सोडून गेलेले,
शेवटचा म तेवढा मागे राहिलेला.
खुर्चीत बसून तो बापाला हाक मारायचा, बाबा,
आणि खोलीत ऐकू यायचं: मामा.
जुमआ खिशातल्या किल्ल्या चाचपायचा.

मला बहीण नाही.
मी नळाखाली ट्रे धूत असायचो, पाठमोरा,
आणि मनातल्या मनात, मराठीत,
ओ द्यायचो.

परवा पाच वर्षांचा झाला.
लगदा तोंडात घेताना रडला नाही, पाय तेवढे हलवले.
चूळ भरली, टॉवेलला तोंड पुसलं
आणि दाराकडे बघून म्हणाला, बाबा.
ब फुटला. दोन ओठांवर, गरम कढईतल्या लाहीसारखा.
आणि लगेच दुसरा.
जुमआच्या हातात पाण्याचा कागदी पेला होता.
तो त्याने कुठे ठेवायचा ते त्याला सुचेना,
शेवटी माझ्याकडे दिला.

मी पेला घेऊन तळघरात उतरलो.
साचा ओतला.
एकोणतीस. डावीकडचा सुळा अजून आतल्या बाजूने चावतो,
यंत्राचा स्क्रू आणखी चार महिने फिरवावा लागणार.
फडताळात त्याचे चार जबडे ओळीने, आ वासून,
पैकी तीन मला मामा म्हणणारे.

प्लास्टर घट्ट होताना कोमट होतं.
हे कामाच्या पहिल्याच दिवशी शिकवतात.
मी त्यावर तळहात ठेवला,
ऊब जाईपर्यंत.