पाण्याचा दिवस

साखळी संपली. चौथ्या नंबरावर का होईना, आलो.
चौदाव्या दिवशी सांगलीत बाद फेरी.
हरलं की थेट घर.

पहिल्या दिवशी इराबत्ती सरांनी भाषण केलं.
ध्येय, एकाग्रता, पोपटाचा डोळा.
कुठल्याशा शिबिरातला कागद खिशातून अर्धा बाहेर.
"डोळ्याशिवाय काय दिसतंय?"
अंबिका हत्तुरे म्हणाली, "सर, रिंगला जाळीच नाही."
आम्ही हसलो. सर नाही हसले.

दुसऱ्या दिवशी मोबाइल गोळा केले
शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यात.
रात्री सगळ्यांच्या कानाला लसणाचा वास.

तिसऱ्या दिवशी डोळे मिटून बसवलं
तापल्या पायरीवर. श्वास मोजा.
मी चाळीसपर्यंत मोजले,
मग शाहीनच्या चपलेचे टाके.

चौथ्या दिवशी श्रीलता कोडम, आमची कॅप्टन,
झोपेतही डावीकडून लेअप घालेल अशी,
तिनं ओळीनं नऊ फ्री थ्रो घालवले.
नऊ.
सर ओरडणार म्हणून आम्ही मागं सरकलो.
सर रेषेपाशी गेले, वाकून विचारलं,
काय चाललंय डोक्यात?

पाणी.

म्हणजे?
आज आमच्या गल्लीला पाणी, सर. सहाला का आठला, कळत नाही.
आई विड्या द्यायला कारखान्यात.
बारक्याला पाइप लावता येत नाही.
चुकलं की पुढचं पाच दिवसांनी.

सरांनी शिट्टी गळ्यातून काढली.
दोरी बराच वेळ बोटाला गुंडाळत राहिले.
मग तिला स्कूटरवर बसवून गेले,
आणि आम्हाला पिव्हट शिकवताना चिडणारा हा माणूस
भवानी पेठेत नळापुढं उकिडवा बसून
आठ वर्षांच्या पोराला शिकवत होता
पाइप कसा पिळून बसवायचा, तार कशी आवळायची.
तीनदा निसटला. चौथ्यांदा बसला.

तिथून ते व्हॉल्व्ह सोडणाऱ्या म्याकलमामांकडं गेले.
ओट्यावर बसून बारा पोरींचे पत्ते वाचले,
बारा गल्ल्यांच्या तारखा उतरवून घेतल्या.
मामा तेलुगूत म्हणाले म्हणे,
टीम तुमची आहे का महापालिकेची?

पाचव्या दिवशी स्टोअरच्या दारावर तक्ता.
आधी पाणी, मग पाण्याला वळसा घालून सराव.
जिचा दिवस तिला सुट्टी,
तिची जागा बाकीच्यांनी धरायची.
एकदा शाहीनच्या बोळात टँकर आला,
तिथंही आम्ही धरली,
घागरींच्या रांगेत, गुडघे वाकवून, हात पसरून.
एक बाई म्हणाली, ह्या पोरींना झालंय काय?

पोपट परत आला नाही.
त्या कागदाच्या पाठीवरच तारखा होत्या.

मी बारावी. बाकावरची.
टॉवेल, बाटल्या, आणि तो चटणीचा डबा माझ्याकडं.

सांगलीत शेवटची अकरा सेकंद.
एका गुणानं मागं. श्रीलता रेषेवर, दोन थ्रो.
हॉल तिच्या अंगावर ओरडतोय.
तिनं रिंगकडं पाहिलंच नाही,
बाकाकडं पाहिलं.
चौथा, नववा, चौदावा.
आज त्यांच्या गल्लीचा दिवस.

डबा मघाशीच माझ्या मांडीवर थरथरला होता.
बारक्या दम लागलेल्या आवाजात एकच शब्द बोलला होता.

मी हात वर केला,
मूठ वळली, उजवीकडं फिरवली,
नळ बंद करतात तशी.

तिनं बॉल दोनदा आपटला.