गाळलेल्या जागा

खापऱ्यांवर नंबर घालायचं काम माझं.
आधी ब्रशने धुवायची, सावलीत वाळवायची,
मग कडेला, नक्षी सोडून,
बारीक टाकाने, काळ्या शाईत: खड्डा, थर, अनुक्रम.
महाडला दुकानांच्या पाट्या रंगवायचो
तेव्हा अक्षर फूटभर उंच असायचं.
इथे मुंगीएवढं. हात तोच.

रास अल खैमाच्या कडेला, कुंपणाआड, ही जागा.
खारट जमीन, पत्र्याची शेड, आम्ही सहा जण.
खोक्यांवर लिहिलेलं असतं: जुल्फार.
बाहेर रस्त्यावरच्या पाटीवर नसतं.

गाव एक आणि नावं दोन कशी,
मी खलफानला विचारलं. तो इथला रखवालदार,
सत्तरीचा, बाप मोत्यांसाठी बुड्या मारणारा.
खजुराची बी गालात घोळवत म्हणाला,
"पाणी गेलं."
एवढंच. मग चहा.

पुढचं तीन हिवाळ्यांत, तुकड्यातुकड्यांनी कळलं.
पहिलं जुल्फार अजून आत होतं, डोंगराच्या अंगाला,
आज बागांमध्ये त्याची नुसती टेकडी.
तिथली खाडी भरली, गलबतं येईनात,
माणसं उठून किनाऱ्याकडे सरकली
आणि बिऱ्हाड हलवताना पाटा-वरवंटा नेतात
तसं नाव सोबत घेऊन गेली.
नव्या जागी तेच नाव. मोती, खजूर, चिनी बश्या,
ज्यांच्या निळ्या काठांवर मी आता नंबर घालतो.
मग पुन्हा गाळ.
पुन्हा माणसं उठली, वाळूच्या एका जिभेवर जाऊन बसली.
या खेपेला नाव नेलं नाही.

का, ते कुठल्याच थरात सापडत नाही.
मॅडम म्हणतात, कागद नाहीत.
खलफान म्हणतो, घाईत असतील.
मला वाटतं, कोणी तरी होडीतून लांबूनच बघितलं असेल,
उघड्या वाळूवर एक तंबू,
आणि वल्ह्यावरच्याला म्हणालं असेल,
तिकडे घे, त्या तंबूच्या टोकाला.
रास म्हणजे टोक. खैमा म्हणजे तंबू.
बारसं नाहीच झालं. पत्ता सांगितला, तोच चिकटला.

आमच्या भाषेत होडीलाही नाव म्हणतात,
मी खलफानला सांगितलं.
तो बराच वेळ हसला. मग म्हणाला,
"मग बरोबर आहे. रुतणारच."

मी बाणकोटचा. आमच्या किल्ल्याला
आंग्र्यांनी हिंमतगड म्हटलं, इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया.
दोन्ही शाळेत पाठ केली होती,
गाळलेल्या जागा भरा, एकेक गुण.
आई नुसतं गड म्हणते. बकरी गडावर गेली, म्हणते.

आणि हा समुद्र. या काठावर त्याचं एक नाव,
त्या काठावर दुसरं, आणि त्यावरून भांडणं.
मॅडम नकाशा काढतात तेव्हा
तिथे नुसता निळा रंग ठेवतात.

मलाही इथे सगळे धाकू म्हणतात.
धाकू माझा बाप.
व्हिसाच्या फॉर्मवर कोणाचा तरी रकाना चुकला,
दुरुस्तीला दोनशे दिरहम आणि चार फेऱ्या,
म्हटलं, राहू दे.
तो तालुक्याबाहेर कधी गेला नाही.
आता दर महिन्याला आखातात त्याचा पगार जमा होतो.

परवा मॅडमनी फळी दिली, डबा दिला,
कुंपणाबाहेर लावायला पाटी हवी म्हणाल्या.
मला अरबी वाचता येत नाही. कागदावरून बघून काढलं,
खडूने आखून, उजवीकडून डावीकडे,
खूप वर्षांनी फूटभर उंच.
खलफान मागे उभा. एका अक्षराखाली
टिंब राहिलं होतं, ते त्याने बोटाने दाखवलं.
टिंब दिलं आणि तो मोठ्याने वाचू लागला,
जुल्फार, जुल्फार, कोणाला तरी
मागच्या खोलीतून हाक मारावी तसा.

कोपऱ्यात पेंटरने सही करायची असते.
ब्रशला उरलेला रंग होता. मी धाकू लिहिलं.

"आत घे," खलफान म्हणाला,
"वारा सुटलाय. वाळू चिकटेल."