समक्ष

रात्रीचे पावणेनऊ. वॉशिंग मशीन मध्येच थांबवलंय,
रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते म्हणून.
वर इस्त्रीचं जाकीट, खाली घरातली ढगळ पँट.
पडद्यावर हॉलिस बीचम, वय एकाहत्तर,
मेनच्या किनाऱ्यावरून,
कपाळ भरपूर, हनुवटी नाहीच.
लॅपटॉप थोडा कलता करा, मी म्हणते.
आता हनुवटी भरपूर.

लायसन्स धरा. जवळ. तिरकं.
नाही, चमकू द्या,
चमकला तरच खरा असतो तो ठसा.

मग पाच प्रश्न, दोन मिनिटं.
प्रश्न मशीन विचारतं, मला दिसत नाहीत.
मला दिसतो प्रश्न वाचणारा माणूस:
ओठ हलतात, चष्मा वर जातो, खाली येतो,
एका ठिकाणी तो हसल्यासारखं करतो
आणि बोट दाबतो.

नापास.

"क्वॉरी रोडवरचं घर विचारत होते," तो म्हणाला.
"अकरा महिने होतो तिथे, पहिल्या लग्नात.
त्याला मी राहणं धरत नाही."
मशीन धरतं, मी म्हणाले.

दुसरी संधी मिळते. आज तिसरी मिळाली नसती.
मशीननं पुन्हा तेच घर काढलं
आणि या खेपेला त्यानं ते कबूल केलं,
एखाद्या जुन्या उधारीसारखं.

खोलीत आणखी कोणी?
कॅमेरा फिरवून दाखवा.
शेगडी. खिळ्यावर पिवळी रबरी विजार,
गुडघ्यात वाकलेली, आत कोणी नसताना.
झोपलेली कुत्री. तिला मी 'कोणी' धरलं नाही.
खिडकीत काळोख, काळोखात एक दिवा
वरखाली होणारा.
"ती बघा, इडा मे," तो म्हणाला. "आईचं नाव."
नियमाप्रमाणे मला नाव बघायची गरज नव्हती.
बघितली.

लिहून देणार: हॉलिस बीचम.
लिहून घेणार: पोर्टलंडचा कोणी ट्रेवर गॅलंट,
जो तिच्यावर बाकं बसवणार आहे
आणि पर्यटकांना देवमासे दाखवणार आहे.
"दिसले तर," हॉलिस म्हणाला.

राजीखुशीने?
हो.
अक्कलहुशारीने?
बायको असती तर तिला विचारलं असतं.
कोणाच्याही दडपणाखाली न येता?
"गुडघ्यांच्या."
माणसांबद्दल विचारतेय, मिस्टर बीचम.
"मग नाही."

सही करा, मी म्हटलं, पिवळ्या चौकटीत, बोटानं.

आणि चित्र थिजलं.
बोट वर, मान खाली, डोळा मिटलेला नाही, उघडाही नाही.
लाइन तुटली तर पहिल्यापासून सुरू करायचं, असा नियम आहे:
लायसन्स, चमक, क्वॉरी रोड, सगळं.
मी हात बटणाकडे नेला.
तेवढ्यात दिसलं, त्याच्या कपातली वाफ
हलत होती.

लाइन शाबूत होती.

अशा वेळी काही बोलायला मला मनाई आहे.
कर म्हणायचं नाही, नको म्हणायचं नाही,
घसा खाकरला तर तोही पुरावा.
माझ्या ड्रॉवरमध्ये जुना लोखंडी शिक्का आहे,
दाबला की मनगटात कळायचं काहीतरी झालं ते.
तेव्हा लोक टेबलापलीकडे बसायचे,
कॉफी पुढे सरकवता यायची.
आता समक्ष म्हणजे एवढंच:
वाफ बघत बसणे.

चार मिनिटं वीस सेकंद. रेकॉर्डिंगमध्ये आहेत.
नंतर कोणी बघितलं तर म्हणेल, इथे काही घडत नाही.

मग त्यानं सही केली.
बोटानं केलेली सगळ्यांची सही पहिलीतल्या मुलासारखी येते,
त्याचीही आली. तो म्हणाला, "ही माझी नाही."
मी म्हणाले, तुमचीच. मी पाहिलंय.

फी पंचवीस डॉलर. तारीख आपोआप पडते.
'स्थळ' मात्र मला लिहावं लागतं,
आणि स्थळ म्हणजे मी जिथे बसलेय ते. नियम.
म्हणून इडा मे विकली गेली
ग्रेसन काउंटी, व्हर्जिनिया इथे,
डोंगरात, समुद्रापासून पाच तासांवर,
अर्धवट भिजलेल्या कपड्यांच्या शेजारी.

मशीन पुन्हा चालू केलं.
आत पाणी होतंच.