गाडी रात्री कुठे असते

सकाळी सव्वाआठला ऑडेसा व्हिटफील्ड दार ढकलते.
बुटांना रस्त्यावरचं पांढरं मीठ,
अंगावर अजून रात्रपाळीचा निळा गणवेश.
विम्याचं पत्र ती टेबलावर पालथं ठेवते,
हरलेलं पान ठेवावं तसं.

मी विचारतो. पडद्यावर चौकटी आहेत, भराव्या लागतात.
वय? एकसष्ट.
अपघात? एकदाच. हरीण. दोन हजार नऊ साली.
चूक हरणाची.
दंड? नाही.
रोज किती मैल? जायला चौदा, यायला चौदा.
झिपकोड?
ती पाच आकडे सांगते आणि स्वतःच म्हणते,
"हं. आता वाढेल."

वाढतं.
महिना चारशे बारा डॉलर.
गाडीचा डावा आरसा चिकटपट्टीने धरलेला;
विकली तर वर्षाचे हप्तेही सुटायचे नाहीत.
सुक्याबरोबर ओलं जळतं,
आमच्या धंद्यात त्याला विभाग म्हणतात.

"शेवटचे दोन आकडे बदलून बघ, मुनीर."
बघतो. एट माईल रोड ओलांडतो, नुसत्या बोटाने.
तेच वय, तेच हरीण, तीच चिकटपट्टी:
एकशे नव्वद.

तो रस्ता इतका रुंद
की पायी निघालं तर एका सिग्नलमध्ये पार होत नाही,
मधल्या दुभाजकावर थांबावं लागतं.
मी थांबलोय तिथे कितीदा तरी.
तिथला भाव कुणी काढलेला नाही.

माझी स्वतःची गाडी
कागदोपत्री ट्रॉयला भावाच्या गॅरेजात राहते.
हे मी तिला सांगत नाही.
घसा खाकरून पुढची चौकट वाचतो:
गाडी रात्री कुठे असते?

"रात्री?"
ती पहिल्यांदा हसते.
"रात्री ती साउथफील्डला असते. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये,
तिसरा मजला, दिव्याखाली, कॅमेऱ्यासमोर.
अकरा ते सात. एकोणीस वर्षं.
सुट्टीची रात्र सोडली
तर माझ्या गल्लीने तिची रात्र पाहिलेलीच नाही.
दारात असते ती दिवसा, मी झोपलेली असताना.
समोरच्या पायरीवर क्लिओफस बसलेला असतो,
माझ्या काचेवरचा बर्फ न सांगता खरवडतो.
त्याची चौकट कुठेय?"

मी खाली सरकवत जातो. अलार्म आहे. गॅरेज आहे.
लग्न झालंय का, हेसुद्धा आहे.
क्लिओफस नाही.

शेवटी तेच पाच आकडे.
ती सही करते, माझं पेन खिशात घालते,
आठवून परत ठेवते.
"अर्धे पंधराला, अर्धे तीसला, चालेल ना?"
चालवतो.

बाहेर गाडी तिसऱ्या किल्लीला सुरू होते.
आता दोघी झोपायला जातील,
त्या महागड्या गल्लीत.