दुधाशिवाय

मे महिना. सदरमध्ये दुपारचे तीन,
परमिट रूमचं शटर अर्धं वर.
कूलरला नवी खस लावली, तरी
काउंटरची फरशी तव्यासारखी.
मेश्रामसाहेब म्हणाले, मेनूत काही नवीन आण बे.
संत्र्याचं सोडून. संत्र्याचं सगळेच करतात.

मी चहा म्हणालो.
तोंडातून निघून गेलं.

पहिल्यांदा कोरा चहा उकळून ओतला साठ मिलीत.
टेंभुर्णेनं एक घोट घेतला
आणि न बोलता सिंककडे गेला.
दुसऱ्यांदा बुकनीच टाकली व्हिस्कीत, रात्रभर.
सकाळी बाटलीत लुनाचं जुनं ऑइल,
आणि जीभ अशी आखडली
की स्वतःचं आडनाव नीट निघेना.

मग पुलगावला फोन लावला.
बाबांची टपरी गिरणीसमोरची.
गिरणी गेली, टपरी आहे.
आमचा जिल्हा दारूबंदीचा, म्हणून
मी नागपुरात हॉटेल लाइनला आहे
एवढंच घरी ठरलेलं.
कोणतं हॉटेल, ते विचारत नाहीत.
किती वाजता सुटतो, मी सांगत नाही.

बाबा, दुधाशिवाय चाय कडू काऊन होते?

पलीकडे स्टोव्हची घरघर.
"बुकनी टाकत असशील. मोठी पत्ती घे.
अन् घड्याळ पाहा. दूध लय चुका झाकते.
दूध नसलं का मिनिट मिनिट दिसते."
अन् थंड्यात भिजवली तर?
कोणाचे तरी सुट्टे मोजल्याचा आवाज आला,
दोनदा मोजल्याचा.
"थंड्यात अर्धा घंटा. वर नाही.
चाखत राहा."

अर्धा घंटा. फडक्यातून गाळली.
अर्धं लिंबू, पाकात गुळाचा खडा,
बर्फ हातोडीनं फोडलेला,
आणि शेवटी, साहेब पाठमोरे असताना,
संत्र्याची साल पिळली वरून.
काय करता, नागपूर आहे.
रंग आला बाबांच्या गाळणीच्या फडक्याचा,
जे मी नदीवर दगडावर आपटून धुवायचो
आणि जे एकदाही पांढरं झालं नाही.

रात्री वकील खोब्रागडे
दुसरा ग्लास मागेपर्यंत काही बोलले नाहीत.
ते सहसा पहिल्यातच खटला मांडतात.
साहेबांनी नाव विचारलं, मेनू छापायला जाणार होता.
पुलगाव म्हणावंसं वाटलं.
पण कोरड्या गावाचं नाव
या कागदावर कसं घालायचं?
'दुधाशिवाय' लिहा, म्हणालो.

साडेबाराला शटर पाडलं, तेवढ्यात फोन.
बाबा एवढ्या उशिरा जागे नसतात.
"जमली काय?"
जमली.
"बर्फ टाकते काय त्याच्यात?"
मी काही बोललो नाही.
बंद कूलरमधून पाणी टपटपत होतं.
"टाकत असशील तं," बाबा म्हणाले,
"पत्ती जराशी जास्त घेत जाय.
बर्फानं फिक्की पडते."