पाचवं काडतूस

अंगठी काढून ठेव, मकार. त्या डब्यात, गळांशेजारी.
आपल्या चर्चात ती उजव्या हातात घालतात,
आणि हे उजव्या हाताचंच वैरी आहे.
मी काढली नव्हती पहिल्या दिवशी.
बोट सुजलं ते साबणालाही दाद देईना,
शेवटी वासिली पक्कड घेऊन आला.

नळी अडीच इंचांची.
तुझ्या बापाच्या वितीत अख्खं मावायचं.
कमरेला आहे हे विसरायला होतं, म्हणूनच घेतलं:
बांधावर मासे मोजताना दोन्ही हात फळीवर लागतात
आणि लांब बंदूक दर वेळी
नेमकी पलीकडच्या काठावर राहते.
पण हलकं माणूस आणि हलकं हत्यार,
दोघांचाही राग जवळच्याच हातावर निघतो.

मूठ वर धर. अजून वर.
बेचक्यात जागा सोडलीस
तर ते स्वतःच जागा करून घेतं.
हा पांढरा व्रण बघ, इथं घोडा चावलाय मला.
खरा घोडा मी या बेटावर एकदाच पाहिला,
तो बिचारा नुसता बघत होता.

मनगट ताठ. कोपर नाही.
आता हे सांगून समजत नाही:
अडवायचं नाही, सोडायचंही नाही.
जाऊ दे वर, कपाळापर्यंत जाऊ दे.
लाट होडीखालून जाते तेव्हा
गुडघे सैल सोडतोस ना,
सुकाणू सोडत नाहीस.

कानात बोळे. हं.

डोमकावळे उठले सगळे.
एवढा मोठा जाळ, आणि कागदाला भोक नाही!
हस, हस. मीही हसले होते. मग रडले.
दुखलं म्हणून नाही,
अंगातून कुणीतरी दार आपटून गेलं म्हणून.

दे इकडे. पाठ फिरव.
मी भरते. कोणतं घर रिकामं, सांगणार नाही.

खट्.

बघितलंस? काही उडालं नाही
तरी तुझा हात जमिनीकडे वाकला.
धक्का आलाच नव्हता, मकार.
तू आधीच खाल्लास.
लाजू नकोस.
बाबांची होडी धक्क्याला लागली, एवढा आवाज आला
की मी चुलीवरून ताटं उचलून
पलंगाखाली ठेवायची.
त्यांनी दारू सोडल्यावरही तीन हंगाम.

आता चार बार कर आणि थांब.
पाचवं काढ. नख फिरव त्याच्यावर:
शिशाचं टोक पितळेतून पुढं आलंय, केसभर.
याला कुणी बोट लावलं नाही.
आपल्या घरात गप्प बसून होतं, पाळीची वाट बघत,
आणि चारही धक्के यानं खाल्ले.
अजून जरा सरकलं असतं
तर चक्र अडकलं असतं, फिरलंच नसतं.

आम्ही पाच भावंडं. मी शेवटची.
ते असू दे.

अस्वल?
एकोणीस वर्षांत एकदाही झाडलं नाही.
एक मादी आली होती, या फळीवर, इतकी जवळ
की तिच्या तोंडाचा वास माझ्या टोपीला आठवडाभर होता.
हात मुठीवर गेला आणि तिथंच राहिला.
मी तिच्याशी बोलत राहिले, हळू,
पिठाचा भाव, गुडघ्याचं दुखणं, जे सुचेल ते.
तिनं सापळ्यातला एक लाल मासा उचलला आणि गेली.
वहीत तो मी आधीच लिहिला होता.
खोडला नाही.

रात्री हात बर्फात ठेव.
उद्या पेन्सिल धरवणार नाही तुला, आकडे मी लिहीन.
आणि ते पाचवं परत भरू नकोस.
नदीतही नको.
दे, माझ्या खिशात राहू दे.